एक बादली, अर्धं युनिट

पंखे बंद, कूलर माळ्यावर, एसीचा रिमोट कुठे ठेवलाय तेही आठवत नाही. आणि तरीही जानेवारीचं लाईटबिल फुगून येतं! मग घरोघरी एकच निदान: मीटर फास्ट पळतोय. बिचारा मीटर बहुतेक वेळा बरोबर असतो. खरा खादाड बाथरूमच्या भिंतीवर लटकलेला असतो. गीझर.

आता थोडं शाळेतलं फिजिक्स (पळू नका, दोनच ओळी आहेत). एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. एक युनिट वीज म्हणजे ३६०० किलोज्यूल. भागाकार केला की कळतं, एका युनिटमध्ये साधारण ८६ लिटर पाणी दहा अंशांनी तापतं. बस्स, एवढंच.

आंघोळीची बादली २० लिटरची धरू आणि पाणी ४० अंशांचं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ३० अंशांवर असेल, तर दहाच अंश चढायचे. पाव युनिटही लागत नाही (मुळात मे महिन्यात गीझर लावतो कोण?). जानेवारीत पहाटे तेच पाणी १६ अंशांवर असेल, तर २४ अंश चढायचे. म्हणजे ०.५६ युनिट. बादली तीच, आंघोळ तीच, वीज जवळजवळ अडीचपट.

दोन माणसं, प्रत्येकी दोन बादल्या, तीस दिवस: ६७ युनिट्स. घरातला बाकीचा वापर ८५ युनिट्सचा असेल तर एकूण १५२. इथे दुसरी गंमत सुरू होते. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर आणि १०१ ते ३०० ला दुसरा. गेली काही वर्षं हा दुसरा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट आहे. शंभरी ओलांडली म्हणून सगळीच युनिट्स महाग होत नाहीत, फक्त वरची ५२ होतात. पण तेवढी पुरतात. वापर वाढला पावणेदोन पट, विजेचे पैसे मात्र सव्वादोन पटीच्या वर. शिवाय त्यावर वीज शुल्क आहेच.

हे सगळं लिहायचं कारण माझे आई-बाबा. ते नाशिकला असतात आणि तिथली थंडी म्हणजे काही विचारू नका. बिल वाढलं की आई काटकसर सुरू करते. कशात? तर दिव्यात! संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा शक्य तितका उशिरा लागतो. पॅसेजमधला तर लागतच नाही. आता ९ वॉटचा एलईडी रोज सहा तास जाळला तरी महिन्याला होतात १.६ युनिट्स. म्हणजे जानेवारीतल्या तीन बादल्या. आणि त्या तीन बादल्यांसाठी साठीतली बाई अंधारात वावरणार, कुठे पाय अडखळला तर?

म्हणून मी त्यांना मोजून तीन गोष्टी सांगितल्या. एक, आंघोळ सकाळी सहाला कशाला? आता ऑफिस नाही, शाळा नाही. अकरा-बाराला टाकीवर ऊन आलेलं असतं, पाणी चार-पाच अंशांनी जरी कोमट झालं तरी तेवढी वीज वाचली. दोन, आंघोळ झाली की गीझर बंद. चालू राहिला तर टाकीतून निसटणारी उष्णता तो पुन्हा पुन्हा भरून काढत बसतो. तीन, काटा ७५ वर नेऊन पाणी लवकर तापत नाही. २००० वॉटची कॉइल २००० वॉटचीच राहते, फक्त जास्त वेळ चालते. पाणी जितकं जास्त गरम, तितकी उष्णता निसटणारही जास्त.

बाबांनी लगेच विचारलं, "मग एकच बादली घ्यायची का?" अजिबात नाही. थंडीत गुडघे आखडतात, दुसरी बादली त्यांच्यासाठी आहे. अर्ध्या युनिटाला इतका आराम दुसरीकडे कुठे मिळणार? पैसे कुठे जातात ते एकदा कळलं, की कुठे वाचवायचे नाहीत हेही कळतं.

आणि हो, पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू ठेवा म्हणालो.