मनाची तयारी आणि घराची ऐपत

समृद्धी महामार्ग आमच्या शहापूर तालुक्यातून गेला, त्यात आमचीही थोडी जमीन गेली. मोबदल्यातून घर बांधलं, उरलेले पैसे मुदत ठेवीत टाकले. २०२४च्या पावसाळ्यात ठेवीची मुदत संपली. मी आणि धाकट्या भावाने प्रत्येकी दोन लाख रुपये स्मॉलकॅप फंडात घातले. भाऊ कल्याणला नोकरीला जातो, त्याला ठरलेला पगार आहे. मी भातशेती करतो.

खातं उघडताना काही प्रश्न विचारले गेले. गुंतवणूक वीस टक्क्यांनी घसरली तर काय कराल? दोघांनीही ‘आणखी खरेदी करू’ हेच निवडलं. बाजार तेव्हा चढत होता. २७ सप्टेंबरला निफ्टी २६,२७७ पर्यंत पोचला. त्या दिवसांत दुसरं उत्तर सुचलंच नाही.

ऑक्टोबरपासून घसरण सुरू झाली. निफ्टी सलग पाच महिने खाली आला. फेब्रुवारीअखेर तो २२,१२४ वर होता. छोट्या कंपन्यांचे शेअर त्याहून जास्त पडले. आमच्या दोन लाखांचे दीड लाखाच्या आसपास राहिले.

भाऊ आसनगावला कसारा लोकल पकडायचा आणि कल्याण येईपर्यंत फोनवर आकडेच बघायचा. घरी आला की जेवताना गप्प. आईला वाटलं, नोकरीत काहीतरी बिनसलंय. एका रात्री तो म्हणाला, “दादा, मी सगळं विकलं. आता झोप तरी लागेल.” त्या पैशांची त्याला इतक्यात गरज नव्हती, घर पगारावर चालत होतं. तरी त्याला ते सोसलं नाही.

मला तेवढी भीती वाटत नव्हती. कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस येतो, एखादा हंगाम जातो, म्हणून कोणी शेत विकत नाही, असं मी त्याला सांगायचो. पण मार्च उजाडला. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तरच व्याजात सवलत मिळते. भाताचे पैसे अजून हातात आले नव्हते. साठ हजारांसाठी मलाही तोट्यात विकावं लागलं. तीन महिन्यांनी, जूनअखेर, निफ्टी पुन्हा २५,५०० च्या वर होता. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

नंतर आम्ही दोघं वही घेऊन बसलो. तेव्हा लक्षात आलं की जोखीम दोन ठिकाणी तपासावी लागते. भावाच्या घराला तोटा झेपत होता, मनाला नाही. माझ्या मनाला झेपत होता, घराला नाही. दोन्हींत जे कमी, तेवढीच आपली खरी ताकद. फंडाच्या कागदावर रिस्कोमीटर असतो, ‘कमी’पासून ‘अतिशय जास्त’पर्यंत सहा पायऱ्यांचा. तो फंडाची जोखीम सांगतो, आपली नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी एवढं करावं. वर्षभरात कुठल्या महिन्यात किती रक्कम लागणार ते लिहा: बियाणं, खत, फी, कर्जाचा हप्ता. ते पैसे आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेतच ठेवा. पुढची पाच-सात वर्षं लागणार नाही तेवढंच बाजारात घाला. तोट्याचा विचार टक्क्यांत करू नका, रुपयांत करा. ‘पंचवीस टक्के’ वाचताना काही वाटत नाही, ‘पन्नास हजार गेले’ म्हटलं की पोटात गोळा येतो. निम्मी रक्कम गेली असं धरून बघा. २००८च्या जानेवारीत २१,००० वर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरात ८,००० च्याही खाली आला होता, म्हणजे असं खरंच घडतं.

आता भावाची बहुतेक रक्कम ठेवीत आहे आणि इंडेक्स फंडात छोटी एसआयपी चालू आहे. मी पीककर्जाची रक्कम आधी वेगळी काढतो, मगच फंडाकडे वळतो. रक्कम ठरवताना आईलाही जवळ बसवतो, कारण तोटा झाला तर तो सगळ्या घराला सोसावा लागतो.