ग्लॉक की बेरेटा?

‘‘ग्लॉक की बेरेटा? तुझं मत काय?’’ थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवता ठेवता जिजूंनी विचारलं.

मी आदल्याच रात्री डॅलसला उतरले होते. कानात अजून विमान घरघरत होतं. मला वाटलं, नवी गाडी घेतायत. म्हटलं, ‘‘मायलेज कशाचं चांगलं?’’ ताई हसून हसून पोट धरायची बाकी राहिली. आणि मग तिनं शांतपणे सांगितलं, पिस्तुलं आहेत ती.

आमच्या पुण्याच्या घरातलं सगळ्यात धोकादायक हत्यार म्हणजे आईची विळी. त्याच आईची थोरली लेक डायनिंग टेबलवर बसून पिस्तुलाचं मॉडेल ठरवतेय! माझा घास हातातच राहिला.

कारण मात्र खरं होतं. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका भारतीय कुटुंबाकडे भरदिवसा चोरी झाली होती. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं, हे तिथल्या चोरांनाही पक्कं ठाऊक झालंय. जिजूंचं काम फिरतीचं, महिन्यातले आठ-दहा दिवस ते बाहेरगावी. घरात ताई आणि माझा सहा वर्षांचा भाचा. दोघांनाही नुकतंच ग्रीन कार्ड मिळालेलं. एच-वन बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असताना, शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले, तर तिथे बंदूक बाळगता येत नाही. आता तो अडसर गेला होता. वयाची एकवीस वर्षं पूर्ण, दुकानात ‘फॉर्म ४४७३’ भरायचा, एफबीआयच्या यंत्रणेकडून नावाची तपासणी, आणि बऱ्याचदा काही मिनिटांत काम फत्ते. टेक्ससमध्ये पिस्तूल विकत घ्यायला वेगळा परवाना लागत नाही.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यासाठी चपला झिजवायच्या, आणि तरीही ही दोन्ही पिस्तुलं मिळायची नाहीत. कारण ती ९ एमएमची, आणि तो बोअर सर्वसामान्य नागरिकांसाठी निषिद्ध. शनिवारी आम्ही रेंजवर निघालो तेव्हा मला हे सगळं सिनेमासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

सिनेमा तर निवडीतही होताच. जिजूंचा जीव बेरेटा ९२ एफएसवर. १९८८ च्या ‘डाय हार्ड’मध्ये ब्रूस विलिसच्या हातात जे दिसतं, त्याच घराण्यातलं. कंपनी इटलीची, तिच्या नावाची सगळ्यात जुनी नोंद १५२६ सालची. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी हे लोक बंदुकीच्या नळ्या विकत होते! अमेरिकी लष्करानं १९८५ मध्ये हेच पिस्तूल ‘एम ९’ या नावानं निवडलं आणि २०१७ मध्ये सिग सावरची निवड होईपर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल होतं.

ताईचं मत ग्लॉक १७ ला. गॅस्टन ग्लॉक हा ऑस्ट्रियातला गृहस्थ. त्यानं आधी कधी पिस्तूल बनवलं नव्हतं, पण १९८२ मध्ये त्याचं पिस्तूल ऑस्ट्रियाच्या लष्करानं स्वीकारलं. सांगाडा प्लास्टिकच्या जातीचा. त्यावरून ‘डाय हार्ड २’ मध्ये एक थाप ठोकून दिलीय, की हे पिस्तूल विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसतच नाही. साफ खोटं. नळी, वरचा भाग, सगळं पोलादीच असतं.

रेंजवर दोन्ही पिस्तुलं भाड्यानं मिळत होती. मी मात्र काचेच्या अलीकडे! टुरिस्ट व्हिसावर मलाही तोच नियम लागू. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला .२२ रायफल झाडलेली, तेवढ्यावरच समाधान. नेम धरण्याची मजा मला कळते, हे आधीच सांगून ठेवते. श्वास सोडायचा, मध्येच थांबायचं आणि जगात फक्त तो काळा ठिपका उरतो. आमच्या महाराष्ट्राला तर ते वेडच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तेव्हा मी टीव्हीसमोर नाचले होते.

काचेतून पाहत होते. ट्रेनर ताईला समजावत होता. दोन्ही ‘फुल साइज’, म्हणजे खिशात लपवायची छोटी पिस्तुलं नव्हेत. अंगानं मोठं पिस्तूल झटका बरा पचवतं आणि नळी लांब असल्यानं नेमही सोपा. इथवर दोघं सारखीच. फरक पुढे.

ग्लॉक रिकामं असताना सुमारे सातशे ग्रॅम, बेरेटा साडेनऊशेच्या घरात. ग्लॉकच्या मॅगझिनमध्ये सतरा गोळ्या, बेरेटाच्या मॅगझिनमध्ये पंधरा. ग्लॉकला बोटानं सरकवायचा सेफ्टीचा खटका नाही. चापातच एक पाकळी असते, बोट नीट चापावर पडलं तरच ती दबते. प्रत्येक गोळीला चाप सारखाच, साधारण अडीच किलोच्या जोराचा. बेरेटाला खटका आहे. शिवाय हॅमर खाली असेल तर पहिल्या गोळीचा चाप लांबलचक आणि जड, पाच किलोच्या आसपास. दुसऱ्या गोळीपासून हलका.

ताईचे हात आईसारखे, लहान. बेरेटाची मूठ जाडजूड, पहिल्या चापापर्यंत तिचं बोट कसंबसं पोचत होतं. पहिली गोळी दरवेळी कागदाच्या खालच्या कोपऱ्यात. ग्लॉक मात्र हातात घेतल्याबरोबर जमलं. जिजूंचं उलट. बेरेटाच्या वजनानं त्यांचा हात स्थिर राहायचा, सात यार्डांवर पाच भोकं एका मुठीत मावतील इतकी जवळ!

‘‘घाबरलेली असताना खटका सरकवायचं मला सुचेल का?’’ ताईचा सवाल.

‘‘आणि पोराच्या हाती लागलं तर? तेव्हा खटका आणि जड चापच बरा ना?’’ जिजूंचा उलटा सवाल.

ट्रेनरनं आणखी एक भर घातली. ग्लॉक साफ करायला खोलताना आधी चाप ओढावा लागतो. बेरेटाला तशी गरज नाही. आणि दोन्ही पिस्तुलं मॅगझिन काढल्यावरही चालतात! आत नळीत एक गोळी राहिलेली असेल तर ती उडते. ‘मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं’ या समजुतीनं माणसं मेलीयत. मग त्यानं चार नियम सांगितले. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच समजा. जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी रोखू नका. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. आणि चौथा, समोर कोण आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा.

चौथा नियम मला तेव्हा सगळ्यात सोपा वाटला. समोर कोण आहे ते दिसतंच ना!

परतताना गाडीत ताई जवळपास जिंकली होती. ग्लॉक घ्यायचं, बेडशेजारी बोटाच्या ठशानं उघडणारी छोटी तिजोरी ठेवायची, सोमवारी दुकानात जायचं. ठरलं.

रविवारी रात्री पावणेतीनला मला टक्क जाग आली. जेटलॅग! पुण्यात दुपारच्या जेवणानंतरची वेळ, आणि पोटात कावळे. कुणाची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता, अनवाणी, चाचपडत किचनमध्ये गेले. आईनं पाठवलेल्या चिवड्याचा डबा सापडला. पहिला बकाणा भरला आणि डब्याचं झाकण हातातून निसटलं. स्टीलचं झाकण फरशीवर गोल गोल फिरत किती वेळ वाजतं, ते तुम्हाला माहीत असेलच.

वळून बघते तर पॅसेजच्या तोंडाशी एक काळी आकृती. हातात काहीतरी उगारलेलं.

‘‘हू इज देअर?’’ जिजूंचा आवाज, पण मी तसा कधी ऐकलेला नव्हता. घोगरा, चिरका. मला ओरडायचं होतं, ‘मी आहे!’ पण तोंडात चिवडा. घशातून नुसता घुर्र आवाज आला. आकृती एक पाऊल पुढे आली. मागून ताईचा मोबाइल उजळला, ९११ लावलेला, फक्त हिरवं बटण दाबायचं बाकी. त्या उजेडात त्यांना मी दिसले आणि मला त्यांच्या हातातली क्रिकेटची बॅट.

जिजू तिथेच फरशीवर बसले. त्यांचे हात थरथरत होते. आम्ही आधी हसलो, खूप हसलो. मग ताईचं लक्ष माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे गेलं, आणि तिचं हसू तिथेच थांबलं. त्या भिंतीपलीकडे भाच्याची खोली. अमेरिकेतली घरं लाकडी सांगाड्याची, भिंती जिप्समच्या पातळ बोर्डाच्या. ९ एमएमची गोळी तशा भिंतीतून आरपार जाते. ट्रेनरचा चौथा नियम आम्हाला तिघांनाही एकदमच आठवला असावा.

‘‘बॅटच होती म्हणून,’’ ती एवढंच म्हणाली.

सकाळी कुणीच ग्लॉक-बेरेटाचं नाव काढेना. मी पत्रकार, गप्प थोडीच बसणार? म्हटलं, २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ४६,७०० माणसं गोळीनं मेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. म्हणजे घरातल्या बंदुकीला चोरापेक्षा घरातलीच माणसं जास्त सापडतात. जिजूंना ते पटलं नाही. ‘‘रात्री खरंच कुणी शिरला, मी शिकागोत आहे आणि पोलिसांना यायला दहा मिनिटं लागली, तर त्या दहा मिनिटांत तुझे आकडे हिला वाचवणार आहेत का?’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

उत्तर ताईनं शोधलं. ती म्हणाली, ‘‘आपण एका पिस्तुलाकडून दोन कामं मागतोय. घर राखायचं तर ते भरलेलं आणि हाताशी हवं. नेमबाजी करायची तर रिकामं आणि कुलपात असलं तरी चालतं. पोर असलेल्या घरात मला त्यातलं एकच काम झेपेल.’’ टेक्ससच्या कायद्यातही सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं पिस्तूल ठेवणं गुन्हाच आहे.

आणि गंमत म्हणजे, काम बदलल्याबरोबर निवडही फिरली! जे पिस्तूल फक्त शनिवारी रेंजवर न्यायचं, तिथे हलकं आणि झटपट याला काय महत्त्व? तिथे वजनदार, खटका असलेलं आणि चाप न ओढता खोलता येणारं बेरेटाच बरं. जिजूंची कळी खुलली. पिस्तूल एका तिजोरीत, गोळ्या दुसऱ्या कुलपात. ताईचं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये गेलं. घराला अलार्म बसला, अंगणात कुणी फिरकलं की लागणारे दिवे आले. बॅट मात्र बेडरूमच्या दारामागे कायम.

ताई आता निर्धास्त झोपते का? नाही. जिजू बाहेरगावी असले की ती अजून दोनदा उठून कुलूप बघते. परवा फोनवर म्हणाली, ‘‘आपण चुकलो तर नाही ना गं?’’ मी म्हटलं, ‘‘माहीत नाही. पण मी जिवंत आहे!’’

मी निघायच्या आदल्या रात्री पुन्हा भूक लागली. या वेळी मी खोलीतला दिवा लावला, पॅसेजमधला लावला, किचनमधला लावला. आणि डब्याला हात घालण्याआधी मोठ्यानं ओरडले, ‘‘ताई, मी आहे गं!’’

आतून झोपाळलेला आवाज आला, ‘‘कळलं. झाकण नीट लाव.’’