मातीचे खड्डे

परवा बऱ्याच वर्षांनी धुंदलवाडीच्या बाजूला जाणे झाले. गुडघे कुरकुरत होते, तरी टेकडी चढलो. सागाच्या झाडीतले ते खड्डे अजून आहेत का, बघायचे होते.

आहेत. दोन-तीन हात खोल, कडा गोलसर झालेल्या, आत पाचोळा. एकाच्या तर तळातच साग वाढलाय, मांडीएवढा. म्हणजे तिथे शेवटची कुदळ पडून निदान वीसेक वर्षे झाली असावीत.

परक्या माणसाला हे पावसाने पाडलेले खड्डे वाटतील. पण इथून तांबडी माती निघायची. कारवीच्या काड्यांचा कूड बांधायचा, शेणात माती कालवून तो लिंपायचा, वर गेरूचा हात. लग्न निघाले की त्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. (हो, लिहायच्याच. वारल्यांत चित्र 'काढत' नाहीत.) जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा चित्रांचे कौतुक पुष्कळ झाले. चित्राखालच्या मातीचे कोण करणार?

मी तरी कुठे केले? १९७९-८० ची गोष्ट. चौथीतली एक मुलगी आठवडाभर गैरहजर होती. आली ती कोपरापर्यंत लाल हात घेऊन. घरात लग्न होते, आईबरोबर माती आणायला गेली होती. मी नवा, बी.ए.चा तोरा ताजा. सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "जंगल पोखरता तुम्ही लोक! गार्डला सांगू का?" ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही, ती कायमचीच.

कायदा माझ्या बाजूने होता, हीच गंमत. १९२७ च्या वन कायद्यात जंगलातून आणलेली मातीसुद्धा वनोपज. २००६ च्या वनहक्क कायद्यातही गौण वनोपज म्हणजे झाडाझुडपांपासून मिळणाऱ्या वस्तू. माती त्या व्याख्येत नाही. आणि दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर वीटभट्टीवर निघून जायचा. त्या भट्ट्यांना ट्रकच्या ट्रक माती लागायची. त्याबद्दल मी वर्गात चकार शब्द काढल्याचे आठवत नाही.

नोव्हेंबर २०१८ पासून या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. लोक थंडीत तंबूंत झोपत. तेव्हा मी पाहिलेल्या विटांच्या घरांना तडे गेले होते. कुडाच्या एका घराचे लिंपण तेवढे पोपडे होऊन पडले होते, म्हातारी ते पुन्हा लिंपत बसली होती. माती कुठून आणली, हे मी विचारले नाही.

असो. परत फिरताना कडेच्या एका खड्ड्यात ताजी खोद दिसली, चार-पाच टोपल्यांची. शेजारी सिमेंटची जुनी गोणी, अर्धी भरलेली. आसपास कोणी नाही. माझ्या चाहुलीने झाडीत सरकले असावे. "गुरुजी आहे, गार्ड नाही," असे ओरडून सांगावेसे वाटले. पण जीभ रेटेना. मुद्दाम पाचोळा वाजवत खाली उतरू लागलो, म्हणजे मी गेल्याचे त्यांना कळेल.