सामान उचलणारा पोरगा

‘स्वीट होम अलाबामा’ तुम्ही कुठेतरी ऐकलं असणारच, सिनेमात नाहीतर रीलमध्ये. ते गाणारी पोरं मात्र फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची. रॉनी व्हॅन झँटचे वडील ट्रक चालवायचे. १९६४ मध्ये शाळकरी वयात त्याने गॅरी रॉसिंग्टन, ॲलन कॉलिन्स वगैरेंबरोबर बँड सुरू केला. नावं बदलत गेली. शेवटी लांब केसांवरून पोरांच्या मागे लागणाऱ्या पीटीच्या सरांचं, लेनर्ड स्किनर यांचं नाव स्पेलिंग मोडूनतोडून बँडला दिलं: लिनर्ड स्किनर्ड.

सदर्न रॉक म्हटलं की दारू आणि मारामाऱ्या आठवतात. त्या होत्याच. पण ग्रीन कोव्ह स्प्रिंग्जजवळ त्यांनी एक पत्र्याचं खोपट घेतलं होतं. फ्लोरिडाचा उन्हाळा, एसी नाही. नाव पडलं ‘हेल हाउस’. तिथे तासन् तास घोटणं चालायचं, आणि रॉनी शिस्तीला कडक. ऑलमन ब्रदर्स स्टेजवर सुचेल तसे वाहवत जायचे. यांचे सोलो आधीच ठरलेले असायचे. हे माझ्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, मग त्यात गाणं कुठे राहिलं? मला मात्र तेच आवडतं. नऊ मिनिटांहून लांब ‘फ्री बर्ड’च्या शेवटी गिटारी बेभान होतात, आणि तरी सगळं जागच्या जागी असतं.

यशाच्या गोष्टी साधारण इथे संपतात. मेहनत केली, फळ मिळालं. प्रत्यक्षात यांनी अलाबामातल्या मसल शोल्सला जाऊन गाणी रेकॉर्ड केली आणि कंपन्यांनी ती परत पाठवली. १९७२ मध्ये अटलांटाच्या एका क्लबात अल कूपरने त्यांना ऐकलं, तेव्हा कुठे दार उघडलं. १९७३ मध्ये पहिला अल्बम आला आणि त्याच वर्षी ‘द हू’च्या दौऱ्यात आधी वाजवायची संधी मिळाली.

मला यातला बिली पॉवेल जास्त जवळचा वाटतो. तो बँडचा रोडी होता, म्हणजे अँप्लिफायर उचलणारा, वायरी जोडणारा. पियानो रीतसर शिकलेला, पण तिथे कुणी विचारलंच नव्हतं. एका शाळेच्या कार्यक्रमात तो सहज पियानोवर बसला आणि ‘फ्री बर्ड’ची स्वतः रचलेली सुरुवात वाजवली. रॉनीने ऐकलं आणि त्याला बँडमध्ये घेतलं.

मी तीन वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड रात्री पडतो, मी उचलून उभा करतो. त्याच कोडचा एक भाग मी घरी नव्याने लिहिलाय, तो पडत नाही. अप्रेझलला मला ‘हार्डवर्किंग’ म्हणतात. या शब्दाचा मला आताशा राग येतो, कारण तो म्हणणाऱ्याने काही पाहिलेलं नसतं. रॉनी हेल हाउसमध्ये घाम गाळत होता, हे खरंच. पण सामान उचलणारा पियानोवर बसला तेव्हा तो थांबून ऐकतही होता. बँड मोठा होण्यात मला त्या ऐकण्याचा वाटा फार मोठा वाटतो.

२० ऑक्टोबर १९७७ ला मिसिसिपीत त्यांचं विमान इंधन संपून कोसळलं. रॉनी गेला, स्टीव्ह आणि कॅसी गेन्स गेले. पॉवेल जखमी झाला, पण वाचला. १९८७ मध्ये बँड पुन्हा उभा राहिला, तेव्हा पियानोवर तोच होता. २००९ मध्ये जाईपर्यंत.