तांब्याभर पाणी

गेल्या जानेवारी महिन्यांत आमच्या वर्गाची सहल घारापुरीस गेली होती. लेणीं पाहावयाचीं हा मुख्य हेतु. परंतु निघण्यापूर्वीं असेंही ठरलें कीं, बेटावरील लोक गरीब आहेत, तेव्हां त्यांच्यासाठीं आपण जुने कपडे न्यावे. दोन मोठीं गांठोडीं भरलीं. आपण परोपकार करावयास चाललों आहों या विचारानें आम्ही मनांतल्या मनांत बरेच फुगलों होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

गेटवेपासून लाँचनें तासाभराचा प्रवास. घारापुरी मुंबईच्या डोळ्यांसमोर असली तरी ती रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांत मोडते. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर हीं तीन गांवें, आणि वस्ती सुमारें हजार-बाराशें. राजबंदराजवळ सांपडलेल्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं बेटास ‘एलिफंटा’ हें नांव दिलें. तो हत्ती आतां भायखळ्याच्या जिजामाता उद्यानांत आहे. पायऱ्या चढून आम्ही लेण्यांत गेलों. ती तीन मुखांची भव्य शिवमूर्ति पाहतांच आमची बडबड आपोआप थांबली. १९८७ सालीं युनेस्कोनें या लेण्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, हें गुरुजींनीं तेथेंच सांगितलें.

मग आम्ही राजबंदराकडे उतरलों. एका घराच्या ओटीवर एक आजी बसल्या होत्या. त्यांच्याजवळ पाणी मागितलें. त्यांनीं तांब्या भरभरून दिलें. आम्ही प्यालों, आणि शेवटच्या तांब्यांत उरलेल्या पाण्यानें आमच्यापैकीं एकानें हात धुवून बाकीचें अंगणांत फेंकून दिलें. आजी कांहीं बोलल्या नाहींत. मात्र त्यांची धाकटी नात उठली आणि रिकामा हंडा घेऊन चालूं लागली. तेव्हां आम्हांस कळलें कीं, घरांतील पाणी विहिरीवरून वाहून आणावें लागतें. आमच्या माना खालीं गेल्या. दोघेजण तिच्यामागें धांवले. परंतु भरलेला हंडा दोघांनीं मिळून धरूनही त्यांनीं निम्मे पाणी वाटेंत सांडलें!

आजींनीं हंसून आम्हांस बसवून घेतलें व जुन्या गोष्टी सांगितल्या. एकीकडे मुंबई, दुसरीकडे न्हावा-शेवा बंदर. दोहोंकडे रात्रभर दिव्यांचा लखलखाट, आणि मध्यें हें बेट अंधारांत. सायंकाळीं डिझेलच्या जनित्रावर तीनेक तास दिवे लागत. तें बंद झालें कीं त्यांची थोरली नात कंदिलाजवळ पुस्तक घेऊन बसे. समुद्राच्या तळाशीं सुमारें साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून बेटावर वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्यें, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनीं. आतां ती नात होडीनें उरणास महाविद्यालयांत जाते.

आम्हीं मोठ्या उत्साहानें गांठोडीं पुढें केलीं. आजी म्हणाल्या, “पोरांनो, नेसायला आहे आमच्याकडं. रात्री कुणी आजारी पडलं तर होडी मिळवताना जीव जातो. त्याचं कुणी काही करील का?” याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

त्यांचा मुलगा पायऱ्यांवर माळा व छोट्या मूर्ति विकतो. सोमवारीं लेणीं बंद, म्हणून त्या दिवशीं कमाई नाहीं. पावसाळ्यांत दर्या खवळला म्हणजे पाहुणे येत नाहींत. “आणि येतात ते डबे घेऊन येतात,” असें तो सहज म्हणाला. आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. आमची पुरीभाजी घरची होती. बेटावर आम्हीं एक पैसाही खर्च केला नव्हता. ठेवून आलों होतों ते केवळ डब्यांवरचे कागद.

परत जातांना ते कागद आम्हीं वेंचले, आणि गुरुजींच्या परवानगीनें शेतबंदरावरील एका लहानशा खानावळींत सर्वांनीं चहा व भजीं घेतलीं. मालकीणबाईंनीं पैसे मोजून घेतले व “पुन्हा या” म्हटलें. कपडे वांटून मिळालें असतें त्याहून अधिक समाधान त्या दोन शब्दांत आम्हांस वाटलें. तीं गांठोडीं मात्र जशींच्या तशीं लाँचवर चढलीं.

लाँच गेटवेजवळ आली तेव्हां सूर्य मावळला होता. मागें वळून पाहिलें, तों घारापुरीच्या टेकडीच्या पायथ्याशीं दिवे लागले होते. ते आणण्यांत आमचा कांहींच वांटा नव्हता.

विद्यार्थिमित्रहो, ज्याला मदत करावयाची त्याला काय हवें हें आधीं विचारावें, एवढेंच आम्ही या सहलींत शिकलों. पुढील वर्षीं जो वर्ग घारापुरीस जाईल त्यानें डबे नेऊं नयेत, जेवण बेटावरच विकत घ्यावें, आणि तांब्यांतील पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यावें, ही आमची विनंति.