जोडीला उचल मिळते

कर्जतहून खोपोलीची लोकल सुटते ती पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी चार छोटी स्थानके घेत डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबते. पुढे रूळ नाहीत, सरळ घाट. टाटांचे १९१५ सालचे वीजघर, कारखान्यांची धुराडी, द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांची अखंड घरघर, या गजबजाटात खालापूर तालुक्यातले कुंभिवली सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. नाव कुंभ्याच्या झाडावरून पडले असावे. तशी झाडे या पट्ट्यात पूर्वी पुष्कळ होती.

आपल्या मासिकांतून मुलांच्या वाढत्या वयाबद्दल पुष्कळ लिहून येते. मुलांशी बोला, रात्री एकत्र जेवा, मुलगी वयात येताना तिच्या जवळ राहा. सल्ले चांगलेच आहेत. पण ते एक गोष्ट धरून चालतात, की घर आहे आणि संध्याकाळी आई-बाप त्या घरी येतात. जिथे हे धरून चालता येत नाही तिथे काय होते, ते पाहायला आम्ही जानेवारीत कुंभिवलीकडच्या एका कातकरी वाडीवर गेलो.

निम्म्या घरांची दारे तारेने बांधलेली होती. माणसे वीटभट्टीवर. मागे राहिले होते म्हातारे, एक-दोन बाळंतिणी आणि कोंबड्या. आम्हाला पाहून एका आजीने अंगणात गोणपाट अंथरले. कुठून आलात विचारले, आणि आम्ही तिला काही विचारायच्या आत आमच्यापैकी कुणाला किती मुले, ती आत्ता कुणापाशी आहेत, याची चौकशी करून मोकळी झाली.

कातकरी म्हणजे काथ करणारे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, आटवून काथ काढायचा, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. आपल्या आजी-नानींच्या पानदानात जो काथ असे, तो कुठल्या भट्टीवर शिजला हे आपण कधी विचारले नाही. इंग्रजांनी जंगल राखीव केले, खैर हातचा गेला, वर या जमातीवर गुन्हेगार असल्याचा शिक्काही बसला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यात नाग्या महादू कातकरी हुतात्मा झाला. आज महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी ही अतिअसुरक्षित मानलेली तिसरी जमात आहे.

काथाची भट्टी गेली आणि विटांची आली. पावसाळ्यात शेतावरची मजुरी संपली, घरातले भात संपले, की मुकादम उचल देतो. ही उचल जोडीला मिळते. माती मळणे, साच्यात भरणे, विटा पाडणे, रचणे हे दोन माणसांचे काम, म्हणून हिशेबही नवरा-बायकोचा. एकट्या पोराला भट्टीवर फारसे कुणी विचारत नाही. दिवाळीनंतर गेलेले कुटुंब पाऊस तोंडावर आला की परत येते. मुले बरोबर जातात आणि शाळेच्या पटावर नुसती नावे उरतात.

आता चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींचा विचार करा. कमवायचे तर जोडी हवी. दोघे एकत्र राहू लागतात, लग्नविधी पुढे कधीतरी, पैसे साठले तर. कायदा मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ सांगतो. त्याच्याशी आमचा वाद नाही. पंधराव्या वर्षीचे बाळंतपण मुलीच्या जिवावर बेतू शकते. पण २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशी गरोदर मुलगी दवाखान्यात आली की पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. घरचे घाबरतात. मग तिला दवाखान्यात नेणेच टाळले जाते. जिला सर्वांत आधी तपासायला हवे तीच लपवली जाते, आणि वयात येण्याबद्दल चार शब्द सांगणारे कुणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

कार्यक्रम नाहीत असे नाही. दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. अंगणवाडी आहे, आशाताई आहेत. पण वाडी जानेवारीत ओस आणि सभा जानेवारीत! शिवाय सभेला मुली तेवढ्या बोलवायच्या. बाप बाहेर, आई कामावर, आणि शहाणपण सगळे मुलीने एकटीने घरी न्यायचे. आपल्या मोहल्ल्यात तरी असे एकट्या पोरीचे कोण ऐकतो?

याहून वेगळे करून दाखवले ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तिथे ‘सर्च’चे काम उभे केले. तिथल्या गोंड माणसांना मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटे, नातेवाइकांना बाहेर ठेवतात याची तर फारच. म्हणून दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला, रुग्णाबरोबर घरच्यांनी राहायची सोय केली, आणि त्याला नाव दिले ते त्यांच्याच दंतेश्वरी देवीचे. राणीताईंनी बायकांशी झाडांविषयी गप्पा मारता मारता त्यांच्या दुखण्यांची माहिती मिळवली, आणि ‘तारुण्यभान’मधून तरुण मुलामुलींशी शरीराबद्दल मोकळेपणी बोलल्या. अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांनीही गोऱ्यांच्या कुटुंबांसाठी आखलेला असाच एक कार्यक्रम घेऊन आपल्या रीतीत बसवला. त्याला आपल्या भाषेत ‘एकमेकांचे ऐका’ अशा अर्थाचे नाव दिले. तो आईबाप आणि मुले यांना मिळूनच बोलावतो. आधी दोघे वेगवेगळे बसतात, मग एकत्र.

कर्जत-खालापुरात याची सुरुवात कुठून करावी? आमचे मत विचाराल तर पोस्टरपासून नको, शेवळापासून करावी. पहिल्या पावसात रानात उगवणारी ही भाजी काकडाच्या फळांशिवाय शिजवली तर घसा खाजतो, हे आजीला माहीत असते. कुठला कंद कडू, तो किती पाण्यात धुवायचा, बाळंतिणीला काय द्यायचे, हेही माहीत असते. कर्जतच्या कशेळ्याला ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ने ठाकर-कातकऱ्यांची वनौषधी आणि रानभाज्यांची ही विद्या फार पूर्वीच मोलाची मानली. ज्या पोरीला शाळेत ‘तुमचे लोक मागासलेले’ असे ऐकावे लागते, तिची आजी चार माणसांत शिकवताना दिसली, तर पुढचे अवघड बोलणेही त्या आजीच्याच तोंडून होऊ शकते.

एक अडचण मात्र कागदावरची आहे. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. पेसा कायदा इथे लागू नाही, आणि गरोदर आदिवासी बाईला रोज एक चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना मुळात अनुसूचित क्षेत्रासाठी आखलेली. डोंगरापलीकडे पुणे जिल्ह्याच्या काही गावांना जे मिळते, ते इकडच्या उतारावर नाही. नोव्हेंबर २०२३ पासून पंतप्रधान जनमन योजनेत पक्की घरे येऊ लागली आहेत. चांगलेच आहे. फक्त तीही वर्षाचे सहा महिने बंदच राहणार.

भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी दुपारनंतर विटा पडत नाहीत. बाप, आई, मुले सगळी एका जागी असतात, आणि दारूचा गुत्ताही त्याच वाटेवर असतो. आशाताईंची आणि शिक्षकांची फेरी वाडीवर न ठेवता त्या दुपारी भट्टीवर ठेवायला नवा निधी लागत नाही. लागते ती कुठल्या वाडीचे कोण कुठल्या भट्टीवर गेले याची यादी. ती यादी आजीला पाठ होती. बोटांवर मोजत तिने आम्हाला सगळी घरे सांगितली: हे पनवेलकडे, हे भिवंडीकडे, हे कल्याणला, आणि धाकटी नात यंदा पहिल्यांदाच जोडीने गेली म्हणून.