बिल्डझाम

जर्मन शब्दकोश चाळताना ‘बिल्डझाम’ या विशेषणापाशी अडकले आणि पुढचं पान उलटेना. अर्थ सरळ आहे: घडवता येण्याजोगं. ‘बिल्ड’ म्हणजे प्रतिमा, ‘बिल्डेन’ म्हणजे घडवणं; शेवटचा ‘झाम’ तो गुण अंगी असल्याचं सांगतो. इंग्रजी ‘लोनसम’मधला ‘सम’ त्याचाच सख्खा भाऊ. हे विशेषण मातीलाही लागतं आणि मुलालाही.

मातीचं कळायला कल्याणचा कुंभारवाडा गाठावा, गणपतीच्या आधी. शाडूत पाणी जास्त झालं की सोंड ओघळते, कमी पडलं की वाकवताना चीर जाते. मधल्या जेमतेम अवस्थेत माती बोटाचं ऐकते, आणि बोट उचलल्यावरही आकार सोडत नाही. हे आकार न सोडणं मला फार मोलाचं वाटतं.

मुलाचं जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टने सांगितलं. १८३५ च्या पुस्तकात त्याने विद्यार्थ्याची घडणक्षमता हीच शिक्षणशास्त्राची मूळ कल्पना मानली. आपल्याकडे डी.एड., बी.एड. झालेल्यांना हर्बार्ट भेटतो तो पंचपदीतून, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांतून. खरं तर त्याच्या पायऱ्या चारच. पाच केल्या त्या त्सिलर आणि राइन या अनुयायांनी.

माझी मावशी डोंबिवलीत डी.एड.चे सराव पाठ घ्यायची. रात्री जेवणं आटोपली की ओट्याशेजारी बसून पाठटाचण लिहायची: प्रस्तावना, हेतुकथन, विषय-निवेदन, शेवटी उपयोजन. पट्टीने आखलेले रकाने, डावीकडे प्रश्न, उजवीकडे ‘अपेक्षित उत्तर’. एकदा पाठ पावसावर होता. ‘खूप पाऊस पडला की काय होतं?’ अपेक्षित उत्तर: नदीला पूर येतो. पहिल्या बाकावरचा मुलगा ताडकन उठून म्हणाला, ‘लोकल बंद पडते, बाई. बाबा रात्री घरी येत नाहीत.’ मागे परीक्षक बसलेले. मावशीने पूर बाजूला ठेवला आणि वर्गाला विचारलं, आणखी कोणाचे बाबा अडकले होते? निम्मा वर्ग उभा राहिला. त्या पाठाला तिला गुण कमी पडले. घरी येऊन तिने मुलाचं उत्तर समासात लाल शाईने लिहून ठेवलं. ती वही मी पाहिलेली आहे. तिच्या सगळ्या पाठांतला तोच मला उत्तम वाटतो.

घडणक्षमता अमर्याद असते असं शिक्षणशास्त्राने धरून चालू नये, हेही हर्बार्टनेच त्याच पुस्तकात बजावलं आहे. पंचपदी पाठ करताना हे वाक्य मात्र मागे राहिलं.

यंदा सराव पाठ घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: ‘अपेक्षित उत्तर’च्या शेजारी एक रकाना मोकळा आखून ठेवा.